माकडिणीची पाळी आणि तिची हार्मोन्स: दिवसागणिक आलेख कसा काढावा

माकडिणीच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन, म्हणजे बीज सुटल्यावर चढणारं हार्मोन, मिलिलीटरला ०.३ नॅनोग्रॅम आलं म्हणजे काय? नुसत्या आकड्यावरून काहीच सांगता येत नाही. पाळीचा सहावा दिवस असेल तर सगळं ठीक आहे. बाविसावा असेल तर बीज सुटलेलंच नाही, किंवा तुमच्या दिवसांच्या मोजणीत चूक आहे. म्हणून या कामाची सुरुवात प्रयोगशाळेत होत नाही, पिंजऱ्याजवळच्या नोंदवहीत होते. वही पक्की नसेल तर पुढे हार्मोन मोजायच्या महागड्या किटचा उपयोग शून्य.

हे टिपण प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आणि प्राणिगृहात नव्याने लागलेल्या तंत्रज्ञांसाठी आहे. मुंबईत या विषयाला जुनी परंपरा आहे. परळला प्रजनन संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९७० पासून उभी आहे आणि बॉनेट माकड हा तिथल्या अभ्यासातला ओळखीचा प्राणी. हेच डोक्यावर केसांची टोपी असलेलं लांब शेपटीचं माकड बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीच्या वाटेवर दिसतं. काळ्या तोंडाचं वानर वेगळं. त्याचे आकडे बॉनेटच्या तक्त्यात मिसळू नका.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. माकडावरचा कोणताही प्रयोग संस्थेच्या प्राणी नीतिसमितीच्या आणि केंद्रीय समितीच्या लेखी मंजुरीशिवाय सुरू करता येत नाही. उद्यानात नुसती विष्ठा गोळा करायची असली तरी वनखात्याची परवानगी हातात हवी. ही कागदपत्रं येईपर्यंत काही महिने जातात, ते वेळापत्रकात धरूनच बेत आखा.

चक्र कसं चालतं

बॉनेट आणि ऱ्हीसस या मॅकाक कुळातल्या दोन्ही जातींत चक्र सरासरी २८ दिवसांचं असतं. चार दिवस इकडे-तिकडे झाले तरी काळजी नाही. रक्तस्राव साधारण दोन ते चार दिवस टिकतो. पहिल्या आठवड्यात इस्ट्रॅडिओल (वाढत्या फॉलिकलमधून, म्हणजे बीजाच्या पिशवीतून, सुटणारं हार्मोन) मिलिलीटरला ३० ते ७० पिकोग्रॅम एवढंच रेंगाळतं आणि प्रोजेस्टेरॉन एका नॅनोग्रॅमच्या खाली असतं. सातव्या-आठव्या दिवसापासून एक फॉलिकल बाकीच्यांना मागे टाकून वाढायला लागतं आणि इस्ट्रॅडिओल झपाट्याने चढतं. शिखर ३०० च्या आसपास किंवा त्याच्याही वर जातं. इस्ट्रॅडिओल एरवी मेंदूला आणि त्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला दाबून ठेवतं, पण चढी पातळी सलग दीड दिवसाच्या आसपास टिकली की तेच उलटा इशारा देतं आणि एलएचची, म्हणजे बीज सोडायला लावणाऱ्या पिट्युटरीच्या हार्मोनची, लाट उसळते. लाटेच्या शिखरानंतर दीड दिवसाच्या आत-बाहेर बीज सुटतं. रिकाम्या झालेल्या फॉलिकलचा पीतपिंड होतो, प्रोजेस्टेरॉन चढू लागतं, आणि सात-आठ दिवसांनी ३ ते ८ नॅनोग्रॅमच्या पट्ट्यात त्याचं शिखर येतं.

बाईच्या चक्राचा आलेख डोळ्यांसमोर ठेवून बसणारे इथे दोनदा फसतात. एक तर माकडिणीचं प्रोजेस्टेरॉन बाईच्या मानाने बरंच कमी असतं. बाईत १० ते २० नॅनोग्रॅम सहज येतं, माकडिणीत ५ आलं तरी उत्तम. दुसरं, बाईत उत्तरार्धात इस्ट्रॅडिओलचा दुसरा उंचवटा दिसतो. माकडिणीत तो जवळजवळ नसतोच. तो दिसला नाही म्हणून किटला दोष देऊ नका.

पाळी का येते, हे १९४० मध्ये मार्की या शास्त्रज्ञाने ऱ्हीसस माकडिणीच्या डोळ्यात गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडे रुजवून प्रत्यक्ष पाहिलं. प्रोजेस्टेरॉन उतरलं की अस्तरातल्या मळसूत्री धमन्या आवळतात, वरचा थर रक्ताविना मरतो आणि गळतो. म्हणजे उतार आधी, रक्त नंतर. मध्ये दोनेक दिवसांचं अंतर तुमच्या आलेखात दिसायलाच हवं. प्रोजेस्टेरॉन ५ वर असताना ‘पाळी सुरू’ अशी नोंद दिसली तर एक तर नळीवरचं नाव चुकलंय किंवा ते रक्त पाळीचं नाही.

पहिला दिवस पकडणं

बॉनेट मादीचा स्राव इतका थोडा असू शकतो की लांबून बघून कळत नाही. जमिनीवर डाग शोधत बसू नका, पिंजरा धुतला की तोही जातो. रोज सकाळी एकाच वेळी, निर्जंतुक सलाइनमध्ये बुडवून निथळलेला कापसाचा बोळा योनीत हलकेच फिरवून काढा आणि पांढऱ्या कागदावर टेका. रक्त नाही तर शून्य, पुसट गुलाबी तर एक, स्पष्ट लाल तर दोन, भरपूर तर तीन. पहिल्यांदा एक किंवा जास्त आला आणि दुसऱ्या दिवशीही रक्त टिकलं, की आदल्या दिवसाला ‘दिवस १’ लिहा. एका दिवसाच्या पुसट रेघेवर चक्र सुरू करू नका. बोळ्याने ओरखडा बसला तरी तेवढं रक्त येतं.

त्याच बोळ्यावर श्लेष्माही नोंदवा. बॉनेट मादीत चक्राच्या मध्याला घट्ट, उग्र वासाचा, भरपूर श्लेष्मा येतो. इस्ट्रॅडिओल चढल्याची ही फुकटची खूण. ऱ्हीससमध्ये ढुंगणाची आणि चेहऱ्याची कातडी लाल होते, बॉनेटमध्ये तिच्या भरवशावर राहता येत नाही. रंग, सूज, श्लेष्मा यांतली एकही खूण बीज सुटल्याचा पुरावा नाही, हे मात्र ध्यानात असू द्या. फॉलिकल वाढूनही न फुटता विरतं, तेव्हाही श्लेष्मा येतोच.

नोंदीला घेण्याआधी त्या मादीची निदान दोन चक्रं नुसत्या बोळ्यावर बघा. दोन्ही २४ ते ३२ दिवसांत बसली तरच तिसऱ्याला सुई लावा. नुकत्या वयात आलेल्या माद्या, पिलाला पाजणाऱ्या माद्या आणि नुकत्या नव्या गटात सोडलेल्या माद्या टाळा. त्यांची चक्रं अनेकदा बीजाविना जातात.

महिनाही बघा. ऱ्हीसस हा ऋतूनुसार विणारा प्राणी, आणि बॉनेटमध्येही उन्हाळ्यात चक्रं लांबतात किंवा थांबतात. एप्रिल-मेमध्ये परीक्षेनंतर मोकळा वेळ मिळतो म्हणून प्रकल्प सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती सपाट रेघ येते, याचं कारण हेच. ऑक्टोबर ते जानेवारी हे महिने धरा.

रक्त घेणं

चार किलोच्या मादीच्या अंगात साधारण २४० मिली रक्त असतं, किलोमागे ६० मिली धरून. महिन्याभरात मिळून त्याच्या १५ टक्क्यांच्या वर जायचं नाही, म्हणजे ३६ मिली. रोज १ मिली घेतलं तर २८ दिवसांत २८ मिली होतात, मर्यादेत बसतं. रोज २ मिली घेतलं तर तिला रक्तक्षय होईल. १ मिली रक्तातून ०.४ मिलीच्या आसपास सीरम मिळतं आणि इस्ट्रॅडिओल-प्रोजेस्टेरॉनला तेवढं पुरतं. दर आठवड्याला हिमोग्लोबिन आणि वजन बघा. वजन दहा टक्क्यांनी घटलं तर तिथेच थांबा.

रोज केटामाइनची भूल देऊन रक्त काढणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. भुलीसाठी रात्रभर उपाशी ठेवावं लागतं. माकडात एखाद-दुसऱ्या दिवसाच्या उपासानेही एलएचचे ठोके मंदावतात. रोज भूल म्हणजे रोज उपास, रोज झटापट. मग जे चक्र मोजायचं तेच बंद पडतं आणि आपण ‘या मादीत बीज सुटत नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतो. माकडाला त्रास होऊ नये ही माणुसकी तर आहेच, पण आकडा खरा यायचा असेल तर दुसरा मार्गही नाही.

त्याऐवजी तिला पाय पुढे करायला शिकवा. सरकत्या पाठीच्या पिंजऱ्यात ती शांत बसली की भिजवलेला चणा किंवा शेंगदाणा. पाय बाहेर ठेवला की शेंगदाणा. पोटरीला हात लावू दिला, स्पिरिटचा बोळा फिरवू दिला, बोथट काडी टेकवू दिली, प्रत्येक पायरीला बक्षीस. रोज दहा मिनिटं, सहा ते दहा आठवडे. घाई करून एकदा जरी पाय ओढून धरला तरी पुन्हा पहिल्या पायरीवर यावं लागतं. माणूसही बदलू नका, रोज तोच असावा. मग पोटरीच्या मागच्या शिरेतून २३ नंबरच्या सुईने, सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान रक्त घ्या आणि सुई काढल्यावर दोन मिनिटं दाबून धरा. वेळ पाळणं फार महत्त्वाचं. उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉन एलएचच्या ठोक्यांबरोबर तासातासाला वरखाली होतं.

हातमोजे, मास्क आणि डोळ्यांवर चष्मा, तिन्ही दरवेळी. मॅकाक जातीच्या माकडांत बी-विषाणू असू शकतो. माकडाला तो फारसा त्रास देत नाही, माणसाच्या मेंदूला जिवावर बेततो. चावा, ओरखडा किंवा डोळ्यात शिंतोडा आला तर पंधरा मिनिटं सलग धुवा आणि मगच डॉक्टरांकडे धाव घ्या. क्षयरोग उलट्या दिशेनेही जातो, आपल्याकडून त्यांच्याकडे. खोकला असेल त्या दिवशी प्राणिगृहात पाऊल टाकू नका.

रक्त साध्या लाल झाकणाच्या नळीत घ्या. जेल असलेल्या पिवळ्या झाकणाच्या नळीत सीरम तासन्‌तास पडून राहिलं तर जेल प्रोजेस्टेरॉन शोषतं आणि आकडा खोटा खाली येतो. अर्धा ते एक तास गोठू द्या, सेंट्रिफ्यूज यंत्रात १५०० जी वर दहा मिनिटं फिरवा, सीरम दोन छोट्या नळ्यांत विभागून उणे २० वर ठेवा. सहा महिन्यांच्या वर ठेवायचं असेल तर उणे ८०. नळीवर पेन्सिलीने किंवा फ्रीझरच्या खास शाईने मादीचा क्रमांक, चक्राचा दिवस आणि तारीख लिहा. साध्या मार्करची शाई बर्फाच्या ओलीने पुसली जाते.

विष्ठेवरून मोजायचं असेल तर

उद्यानातल्या मोकळ्या माकडांसाठी हाच रास्त मार्ग. यकृत हार्मोन मोडतं आणि त्याचे अवशेष विष्ठेत येतात, साधारण एक ते दोन दिवस उशिरा. म्हणजे आजची विष्ठा परवाची गोष्ट सांगते. लघवीत हा उशीर काही तासांचा, पण झाडावरच्या माकडिणीची लघवी पकडायची कशी? पिंजऱ्यात मिळाली तर जरूर घ्या आणि दर आकडा क्रिएटिनिनने (लघवी किती दाट आहे ते दाखवणाऱ्या टाकाऊ पदार्थाने) भागा, नाहीतर ती किती पाणी प्यायली हेच तुम्ही मोजत बसाल.

मादी ओळखू आलीच पाहिजे. कानाची चीर, शेपटीचं वळण, चेहऱ्यावरचा डाग यांचा फोटोसंच आधी तयार ठेवा. तिने विष्ठा टाकलेली स्वतः बघितली तरच उचला. ‘बहुतेक तिचीच’ ही नोंद चालत नाही. हार्मोन गोळ्यात सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, म्हणून पूर्ण गोळा काडीने कालवून त्यातला चमचाभर घ्या आणि बिया-टरफलं काढून टाका. लघवी लागलेली किंवा पावसाने भिजलेली विष्ठा सोडून द्या. जून ते सप्टेंबर हे काम मुंबईत होत नाही.

जिवाणू काही तासांत अवशेषांचं रूप पालटतात. बर्फाची पेटी बरोबरच न्या आणि तासाभरात नमुना बर्फात गेला पाहिजे. बोरिवलीहून परळपर्यंत हमरस्त्यावर दीड-दोन तास सहज जातात, म्हणून जेलच्या गोठवलेल्या वड्या दुप्पट ठेवा. लोकलच्या गर्दीत हे नमुने नेऊ नका. पेटी उलटली तर जंतू डब्यात पसरतील.

प्रयोगशाळेत नमुना गोठवून-वाळवणाऱ्या यंत्रात दोन-तीन दिवस वाळवा, खलात कुटा, चाळा. यापुढची खबरदारी खास आपल्या शहरासाठी आहे: वाळलेली पूड मुंबईची हवा शोषते. तराजूवर ठेवल्या ठेवल्या वजन वाढताना दिसतं. पूड सिलिका जेलच्या बंद भांड्यातच ठेवा, एका वेळी एकच नळी बाहेर काढा, एसी चालू ठेवा आणि जेलचे निळे खडे गुलाबी झाले की बदला. ही एक गोष्ट न पाळल्याने सबंध मालिका वाया जाते आणि दोष मात्र किटवर येतो.

०.१ ग्रॅम पुडीत ८० टक्के मिथेनॉल ३ मिली घाला, पंधरा मिनिटं जोरात हलवा, फिरवा, वरचा द्रव काढून झाकण पॅराफिल्मने बंद करा. मिथेनॉल उडून गेलं की द्रव घट्ट होतो आणि आकडा फुगतो. किटच्या प्लेटवर ठेवण्याआधी तो किटच्या पातळ द्रावणाने सौम्य करा. हिशेब असा: २० पट सौम्य केलेल्या द्रवाचा आकडा ०.०८ नॅनोग्रॅम प्रति मिली आला. वीसने गुणून १.६, तीन मिलीचे ४.८, आणि ०.१ ग्रॅमने भागून ग्रॅममागे ४८ नॅनोग्रॅम.

कुठली किट चालते, कुठली नाही

इस्ट्रॅडिओल आणि प्रोजेस्टेरॉनचा रेणू माणसात आणि माकडात एकच असतो, म्हणून माणसाची एलायझा किट (प्रतिपिंडं आणि रंग वापरून हार्मोन मोजणारी) सीरमला चालते. एलएच आणि एफएसएच (फॉलिकल वाढवणारं पिट्युटरीचं हार्मोन) ही प्रथिनं आहेत, त्यांची घडण जातीगणिक बदलते. माणसाच्या एलएचसाठी केलेली किट माकडाचं एलएच पकडत नाही किंवा अर्धवट पकडते. सगळ्या नमुन्यांत शून्य आलं तर माकडीण आजारी नाही, किट चुकीची आहे. मॅकाक एलएचसाठी बनवलेलीच किट मागवा, आणि ती परवडत नसेल तर एलएच सोडा. इस्ट्रॅडिओलचं शिखर आणि त्यामागून प्रोजेस्टेरॉनची चढण एवढ्यावरही बीज सुटलं की नाही हे ठरतं.

लाटेबाहेर एलएचच्या सुट्या आकड्याला तसाही अर्थ नाही. हे हार्मोन ठोक्याठोक्याने सुटतं, पूर्वार्धात तासाला एक ठोका. नोबिल यांच्या पिट्सबर्गमधल्या गटाने मेंदूतला हा घड्याळाचा भाग निकामी केलेल्या ऱ्हीसस माकडिणींना दर तासाला सहा मिनिटं, मिनिटाला १ मायक्रोग्रॅम जीएनआरएच (पिट्युटरीला एलएच-एफएसएच सोडायला सांगणारं मेंदूचं हार्मोन) दिलं तेव्हा एलएच आणि एफएसएच पूर्ववत सुटू लागली. तेच औषध सलग दिलं तर एलएच आणि एफएसएच दोन्ही कोसळली. १९७८ च्या या कामाने सगळ्या शाखेची समज बदलली. लाट मोजायचीच असेल तर नवव्या ते चौदाव्या दिवसात दर बारा तासांनी, एरवीपेक्षा कमी रक्त घ्या आणि एकूण बेरीज मर्यादेत ठेवा.

विष्ठेसाठी किट निवडताना आधी समांतरता तपासा. एकच द्रव १:२, १:४, १:८ असा सौम्य करत न्या. आलेखाची रेघ किटच्या प्रमाण रेघेला समांतर उतरली तरच ती किट वापरा.

९६ खळग्यांच्या प्लेटचा हिशेब: प्रमाण द्रावणं आठ, नियंत्रण नमुने दोन, कोरे खळगे दोन प्रकारचे, सगळे जोडीने, म्हणजे २४. उरलेल्या ७२ मध्ये जोडीने ३६ नमुने. एका मादीचं पूर्ण चक्र यात बसतं आणि ते एकाच प्लेटवर बसवलंच पाहिजे. अर्धं चक्र आज, अर्धं पुढच्या आठवड्यात केलं तर मध्येच आलेखाला पायरी पडते आणि नेमकी ती बीज सुटल्यासारखी दिसते. जोडीतला फरक दहा टक्क्यांच्या वर गेला तर नमुना पुन्हा लावा. पाकीट फ्रीजमधून काढून तासभर तसंच ठेवा आणि मग उघडा. थंड पट्टीवर दमट हवेतलं पाणी बसतं आणि कडेचे खळगे बिघडतात.

आलेख वाचणं

आडव्या रेघेवर पाळीचे दिवस मांडा, पण दोन माद्यांची तुलना करताना दिवस १ वरून करू नका. पूर्वार्धाची लांबी मादीगणिक बदलते. इस्ट्रॅडिओलच्या शिखराला शून्य माना आणि दोन्ही बाजूंना दिवस मोजा. तसं केलं की एरवी विस्कटलेल्या रेघा एकमेकींवर बसतात.

विष्ठेत बीज सुटल्याचा दिवस असा काढा. पूर्वार्धातले आकडे घ्या. उदाहरणापुरते ४८, ५५, ४१, ६०, ४६ धरू. सरासरी ५०, प्रमाण विचलन ७.५. सरासरीत दुप्पट विचलन मिळवून ६५. ज्या दिवशी प्रोजेस्टेरॉनचे अवशेष ६५ च्या वर गेले आणि सलग तीन नमुने वरच राहिले, त्या दिवसाच्या एक-दोन दिवस आधी बीज सुटलं. एकच नमुना उडी मारून खाली आला तर ती पर्यटकांनी चारलेल्या पावा-केळ्यांमुळे झालेली पोटाची गडबडही असू शकते. सीरममध्ये तेच प्रोजेस्टेरॉन १ नॅनोग्रॅमच्या वर सलग तीन दिवस.

प्रोजेस्टेरॉन चढलं पण दहा दिवसांच्या आतच पाळी आली, तर पीतपिंड कमजोर पडला. ताण, वजनातली घट आणि गटातलं खालचं स्थान ही नेहमीची कारणं. इस्ट्रॅडिओल चढून उतरलं आणि प्रोजेस्टेरॉन हललंच नाही, तर बीज सुटलं नाही. अशा वेळीही इस्ट्रॅडिओल उतरल्यामुळे रक्त येतं, म्हणून नुसत्या बोळ्यावर विसंबलेल्याला हे चक्र अगदी निरोगी वाटतं.

आणि नराबरोबर राहिलेल्या मादीत एक फसवी खूण लक्षात ठेवा. पाळीच्या अपेक्षित तारखेच्या आसपास किंवा थोडं नंतर हलकं रक्त दिसतं, पण प्रोजेस्टेरॉन उतरलेलं नसतं. गर्भ रुजताना येणारं हे रक्त, हार्टमन यांनी ऱ्हीससमध्ये वर्णन केलेलं. त्याला ‘दिवस १’ लिहू नका. माणसाची गर्भचाचणी पट्टी इथे भरवशाची नाही, कारण माकडाचं गर्भहार्मोनही प्रथिन आहे आणि वेगळ्या घडणीचं आहे. रक्त घेणं त्याच दिवशी थांबवा, पशुवैद्यांकडून सोनोग्राफी करून घ्या. गर्भ असेल तर ऱ्हीससच्या हिशेबाने गर्भधारणेपासून साधारण १६५ दिवस, आणि बाळ दूध सोडेपर्यंतचे पुढचे महिने, त्या मादीचं नाव यादीतून काढून ठेवा.